मुकादमाची पाठ

पाइपचा फटका पाठीवर बसला तेव्हा रुद्रेशनं दात आवळले, पण शब्द मागं घेतला नाही.

“चूक माझीच हाय, मालक. पट्ट्यावर ध्यान म्याच ठिवाया पायजे हुतं.”

“तू मुकादम हायस का ह्यांची आई?” कृष्णराज ओरडला आणि त्यानं पुन्हा पाइप उगारला.

येरमाळ्याच्या अलीकडं, हायवेपासून जरा आत, कृष्णराजचा खडी क्रशर होता. खडी वाहून नेणारा पट्टा फाटला होता तो धनाजी नावाच्या मजुरामुळं. चालू मशीन सोडून हा बहाद्दर टिपरच्या सावलीत मोबाइल बघत बसला होता. कृष्णराज सोडून सगळ्यांना हे ठाऊक होतं. आता धनाजी मान खाली घालून उभा होता आणि त्याच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

कृष्णराजला जनावर म्हणावं, तर जनावरांवर अन्याय होईल. मागं उमाशंकर हा मजूर जरा उशिरा आला म्हणून त्यानं फावड्याचा दांडा त्याच्या तोंडावर हाणला होता. बिचाऱ्याचे दात खडीत पडले, तरी दुपारपर्यंत तो काम करत राहिला. मालकानं मुकादमाला बडवायचं आणि मुकादमानं मजुरांना, अशीच तिथली रीत होती.

मग मशीन विकणाऱ्यांनी लातूरला मुकादमांसाठी शिबिर ठेवलं. जेवण फुकट होतं, म्हणून कृष्णराजनं रुद्रेशला पाठवलं. तिथं इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस दिवसभर बोलला. सगळ्यांच्या आधी कामावर या, म्हणाला. कौतुक चारचौघांत करा, कानउघाडणी एकट्यात करा, पण करा. आणि आपल्या माणसांची चूक ती आपली चूक, ती आपल्या अंगावर घ्या. बाकीचे मुकादम जेवणाची घंटा कधी होते ते बघत होते. रुद्रेशच्या मात्र ते काळजाला भिडलं.

तो बदलला. भल्या सकाळी येऊन मशीनला ग्रीस घालू लागला, मजुरांबरोबर भाकरी खाऊ लागला, कुणाचं पोर आजारी आहे ते विचारू लागला. आणि नवल म्हणजे माणसंही बदलली. वेळेवर येऊ लागली, त्याला ‘दादा’ म्हणू लागली. काही बिघडलं की रुद्रेश पुढं व्हायचा आणि मार खायचा. दुसऱ्या कुणावर हात पडू द्यायचा नाही, एवढं एकच त्यानं मनाशी धरलं होतं. त्या दिवशीही तो पाठीतून रक्त येईपर्यंत उभा राहिला.

नंतर पत्र्याच्या खोलीत तो पालथा पडला आणि शांताक्का त्याच्या पाठीला हळद-तेल लावू लागली. ती नळदुर्गकडची, बोलताना मधूनच कानडी यायची; रुद्रेशला ती धाकट्या भावासारखं ‘तम्मा’ म्हणायची. सगळ्यांचा स्वयंपाक तीच करायची.

“तम्मा, तू मार खातूस ते झालं,” ती म्हणाली. “पर धनाजीला एकट्यात घिऊन बोललास का?”

“काय बोलायचं, अक्का? तोंड कसं उतरलं हुतं त्येचं. कळतंय त्येला.”

“काल टाकीत डिझेल कमी निघालं, तवाबी तूच मार खाल्लास. मला त्येचं लक्षण ठीक दिसंना.”

“माणूस मायेनं सुधारतो, अक्का.”

शांताक्का भांडी उचलून खदानीत साचलेल्या पाण्याकडं धुवायला गेली. रुद्रेशचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा मशीन बंद होतं. इतकी शांतता त्या जागी कधीच नसायची. तो धडपडत बाहेर आला.

डिझेलच्या टाकीजवळ कृष्णराज पडला होता. डोक्याची एक बाजू आत गेली होती, कान जागेवर नव्हता. शेजारी दगड फोडायचा घण पडला होता आणि त्याला केस चिकटले होते. कुणीतरी एकदाच मारून थांबलं नव्हतं. मजूर लांब घोळका करून उभे होते. शांताक्का दिसत नव्हती. तिला रक्त बघवलं नसेल, गेली असेल बाजूला, असं त्याला वाटलं.

रुद्रेशची नजर धनाजीवर गेली. त्याचे कपडे ओले होते, रक्त धुऊन काढल्यासारखे. रुद्रेश काय ते समजला. आपल्या पाठीवरचे वळ बघवले नाहीत पोराला! आजवर त्याच्यासाठी कुणी बोटही उचललं नव्हतं.

टिपरवाल्यानं फोन केला होता, त्यामुळं पोलीस लगेच आले.

“कुणी मारलं?” फौजदारानं विचारलं. त्यानं उमाशंकरच्या पोटात काठी खुपसली, तसा तो कळवळून खाली बसला. “नाव सांगा, न्हायतर सगळ्यांना आत घेतो.”

“त्यांना हात लावू नका, साहेब,” रुद्रेश पुढं झाला. “म्या मारलं.”

फौजदारानं त्याला फिरवून सदरा वर केला. पाठ बघितल्यावर त्याला दुसरं काही विचारायची गरज वाटली नाही.

बेड्या पडल्या तेव्हा रुद्रेशला भीती वाटायला हवी होती, पण त्याची छाती अभिमानानं भरून आली. शिबिरातलं सगळं बोलणं आपण आज पुरं केलं, असं त्याला वाटलं. एवढ्यात धनाजी धावत आला आणि त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडू लागला. पोलिसांनीही त्याला घडीभर अडवलं नाही.

“दादा, डिझेल काढताना मालकानं धरलं मला,” तो हुंदके देत कानाशी पुटपुटला. “तुमी हाय म्हणूनच घण उचलायची हिंमत झाली. आन् खदानीच्या पाण्यात शांताक्का हाय. तिनं बघितलं हुतं. तेवढं बी तुमच्यावर घ्या.”