थट्टेचं नातं

झोंडिवेने तोंड उघडलं, पण सूर काही निघाला नाही. मागे ओळीत उभ्या असलेल्या मुली टाळीसाठी उचललेले हात तसेच धरून थांबल्या. ढाली घेतलेली मुलं एकमेकांकडे बघू लागली.

न्डोला शहरातल्या त्या सभागृहात तोवर सगळं झकास चाललं होतं. सिताली सरांच्या नाचगाण्याच्या पथकातल्या पोरांनी लोझी भाषेत होडी वल्हवली, टोंगात गुरं राखली, बेंबात नवरी नटवली. आपापल्या भाषेतलं गाणं लागलं की खुर्च्यांतल्या आया उठून चार पावलं नाचून घेत होत्या. शेवटचं गाणं न्गोनींचं. नदी ओलांडून आलेल्या पूर्वजांचं. त्यातले निम्मे शब्द आता कोणाच्या बोलण्यात नाहीत, न्गोनी घरांतही न्यांजाच बोलतात. झोंडिवेला ते तिच्या जेरे आजोबांनी शिकवलं होतं आणि दर कार्यक्रमात आजोबा स्वतः ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे नाचायचे. आज ती जागा मोकळी होती. गेल्या महिन्यात आजोबांना माती दिली होती.

"राहू दे, बाळ," सिताली सर पडद्याआडून हळूच म्हणाले. "नसेल जमत तर सोडून देऊ हे गाणं. कोणी काही म्हणणार नाही."

तेच तर दुखत होतं. महिनाभर तिला कोणी काही म्हणतच नव्हतं. पोरीचा चेहरा बघून सरांचा जीव कळवळला होता आणि त्यांनी सगळ्यांना ताकीद दिली होती, हिला जपा. पोरं जपत होती. सगळ्यात जास्त जपत होता तो ढोलवाला कासोंडे, आणि त्याचंच जपणं तिला सोसत नव्हतं.

कासोंडे बेंबा जमातीचा, झोंडिवे न्गोनी. दोघांत थट्टेचं नातं. कधीकाळी दोन्हीकडचे पूर्वज एकमेकांवर भाले घेऊन धावले, आता नातवंडं त्याचं उट्टं शिव्यांनी काढतात. बेंबाने न्गोनीला उंदीरखाऊ म्हणायचं, न्गोनीने बेंबाला माकडखाऊ. रागावेल तो गाढव. मयताच्या घरीसुद्धा हे थांबत नाही, उलट रडणाऱ्यांना हसवणाऱ्या थट्टेला तिथेच खरा मान. पण कासोंडे अंत्यविधीलाही आला नाही, आणि आता भेटला की पाहुण्यासारखा "बरी आहेस ना?" एवढंच विचारायचा. आजोबांबरोबर हाही गेला, असं झोंडिवेला वाटायचं.

आज गायलं नाही तर गाणंही गेलं, हे तिला कळत होतं. पण कळून घसा थोडाच मोकळा होतो.

न्गोनी गाण्याला ढोल लागत नाही. टाळ्या आणि जमिनीवर आपटणारे पाय, एवढाच ताल. म्हणून कासोंडे बाजूला रिकामा बसला होता. तो उठला. सरांनी दबक्या आवाजात हाक मारली, ती त्याने कानाआड केली. एका पोराच्या हातातली ढाल काढून घेतली आणि तो थेट आजोबांच्या जागी जाऊन उभा राहिला.

"म्हातारा कुठे गेला?" त्याने खणखणीत बेंबात विचारलं. "वरती उंदरं पकडायला गेला असणार. एकटाच गेला. हावरट मेला."

पहिल्या रांगेत झोंडिवेची आजी बसली होती, काळ्या कपड्यांत. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

आजीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आणि तू कुठे होतास रे, माकडखाऊ?" ती न्यांजात म्हणाली. "माझ्या दारात येऊन सगळं गाव रडून गेलं. हसवायला एक बेंबा फिरकला नाही. झाडावरून उतरायला एवढा वेळ लागतो?"

सभागृहात हशा पिकला. कासोंडेची मान खाली गेली.

"धीर झाला नाही, आजी," तो म्हणाला. "आता आलोय."

मग तो कंबरेत वाकला, उजवा पाय काठीसारखा ताठ केला आणि नाचायला लागला. मुलींना राहवलं नाही, त्यांनी टाळी धरली. ढालीवर भार टाकायचा, पाय ओढायचा, आपटायचा. टाळी वाजून जायची आणि पाय मागून यायचा. हुबेहूब जेरे आजोबा. गुडघ्याने दगा दिल्यापासून ते असेच नाचत, पण पुढची जागा त्यांनी कधी सोडली नाही.

झोंडिवेला हसू फुटलं. हसता हसता डोळे वाहायला लागले, ते पुसायच्या भानगडीत ती पडली नाही.

"ढाल उलटी धरलीयेस, माकडा," ती ओरडली. शिवी द्यायला निघालेला आवाज मग घशात परत गेलाच नाही. तोच तसाच गाण्यात शिरला.

पहिली ओळ तिने एकटीने म्हटली. दुसरी सगळ्यांनी उचलली, लोझींनी, टोंगांनी, बेंबांनी. अर्थ कोणालाच धड ठाऊक नव्हता, शब्द मात्र सगळ्यांना पाठ होते. आजीही बसल्या जागी ओठ हलवत होती.

पुढे कासोंडे नाचत होता आणि त्याचा पाय अजून टाळीच्या मागेच होता. झोंडिवेने गाता गाता तळहात किंचित खाली दाबून मुलींना खूण केली. आजोबा नाचायचे तेव्हाही त्यांच्या नकळत ती दर वेळी हेच करायची. टाळी संथ झाली, थांबल्यासारखी झाली. ओढत आलेला पाय समेवर पडला.