ओ देऊ नका

पार्किन्सननं मोहाडीच्या यादोरावांचा आवाज पार बसला. नागपूरच्या थेरपिस्ट मॅडमनं व्हिडिओ कॉलवर व्यायाम दिला: रोज घरच्यांना नाव घेऊन जोरात हाका मारायच्या. घरच्यांना बजावलं, ओ देऊ नका, ओ मिळाली की पेशंट थांबतो.

आज यादोराव बाथरूममध्ये घसरून पडले. उठता येईना.

"डिंपल, लवकर ये वो." हाक थेट गल्लीपर्यंत गेली.

"मामाजीचा आवाज सुधरून राहिला," अंगणात तांदूळ निवडता निवडता सून डिंपल सासूला म्हणाली. तिनं बसल्या जागेवरूनच सगळ्या हाका रेकॉर्ड करून मॅडमला पाठवल्या.



मॅडमचा मेसेज आला, "सुरुवात खूप छान. शेवटच्या हाका मात्र बारीक येतायत, उद्या तिथं जोर लावायला सांगा."