वाळूत पुरलेला माठ

टिण्! दुपारच्या सामसुमीत स्वयंपाकघरातल्या नव्या माठावरचं झाकण वाजलं. मेघाली दचकली नाही. वारा असेल, म्हणत ती धाकट्या लेकीच्या, समिधाच्या केसांतली वाळू विंचरत राहिली.

सकाळीच मायलेकी नवापूरच्या किनाऱ्यावर गेल्या होत्या. वाळूच्या टेकड्या वाहून जाऊ नयेत म्हणून गावकरी दर रविवारी तिथे झाडं लावत, आणि रोपाला ओल मिळावी म्हणून शेजारी एकेक माठ गळ्यापर्यंत पुरत. मेघालीने आज घरातला जुना माठ नेला होता.

"वयनी, माठ हिकडं आणला, आता दादा पाणी कुठलं पिणार?" शेजारच्या प्रदीपने चिडवलं.

"नवा घेतलाय. तुमी पण या प्यायला!"

पोरं रिकाम्या माठांत तोंड घालून ओरडत होती, आणि प्रत्येक माठ त्यांचा आवाज परत देत होता. समिधाही आपल्या माठावर ओणवी झाली. "आई, मी इथं हाय!"

माठ गप्पच राहिला.

"लाजतोय गं तो," म्हणत मेघालीने त्यात पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं.

आता घरातलं झाकण पुन्हा वाजलं. मेघाली उठली आणि बेधडक जाऊन तिने ते उचललं. माठ काठोकाठ भरलेला होता. पाणी जराही हललं नाही, पण आतून समिधाच्याच आवाजात स्वच्छ ऐकू आलं, "आई, मी इथं हाय."

मागोमाग आलेल्या समिधाला तिने पोटाशी घट्ट धरलं. लेकीने मान वर केली.

"आई, ह्या माठातली ती खरी असली, तर मला परत वाळूतल्या माठात नेऊन ठेवशील?"