घाटात दम सोडणारी गाडी

"घाटात मधेच दम सोडते!" शिरसाट गॅरेजमध्ये ओरडले. त्यांची बायको मालन गाडीतच बसून होती.

नव्या गाड्या आत बसलेल्यांची भीती ओळखायच्या आणि कुणी घाबरलं की आपोआप जोर कमी करायच्या. म्हणून मेकॅनिक झुंबरताईंनी विचारलं, "वहिनी घाटाला घाबरतात?"

"नाटकं तिची."

शिरसाटांना गॅरेजवरच थांबवून झुंबरताई मालनला घेऊन घाट चढून आल्या. गाडी कुठेही अडली नाही. मालन तर वळणावळणावर खिडकीतून दरी बघत होती.

परतल्यावर शिरसाट दार उघडून मालनशेजारी बसले. उभ्या गाडीचं चालू इंजिन एकदम मंदावलं.

"सापडला बिघाड?"

"सापडला." झुंबरताईंनी चावी काढून मुठीत धरली. "वहिनी, माहेर कुठलं तुमचं?"