अर्धी भरलेली टाकी

"टाकीत अजून अर्धी हवा आहे," मास्तर म्हणाले. "म्हणजे हवा संपून गेले नाहीत ते, वहिनी."

टेबलावर ओलं सामान पसरलं होतं. हवेची टाकी, तोंडात धरायची नळी, वजनाचा पट्टा. काल समुद्राच्या तळाशी मृत सापडलेल्या माणसाचं. पोलिसांनी ते तपासायला मास्तरांकडेच दिलं. टाक्या भरून देणारे, पाण्याखाली उतरायला शिकवणारे, त्यातलं कळणारे गावात ते एकटेच. मागोमाग त्या माणसाची बायको आली होती. चूक आपली झाली का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

"खाली गेल्यावर डोक्याला हात लावून दाखवला ह्यांनी. मी म्हटलं, ह्यांची कुरकुर रोजचीच. थांबा जरा, अशी खूण केली आणि मी मासे बघत बसले. मी वळले तर हे निजल्यासारखे पडलेले. वर यायला वजनाचा पट्टासुद्धा सोडला नव्हता."

"कुणीच सोडत नाही. पन्नाशीपुढं बहुतेकांचं हृदयच दगा देतं. लोक उगाच शार्कला बदनाम करतात."

मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"पण चेहरा किती टवटवीत होता हो! गाल गुलाबी. लग्नातसुद्धा इतके छान दिसले नव्हते." ती हसली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं.

मास्तरांनी मान वर केली. "तुम्हाला खाली काही त्रास झाला?"

"नाही. माझी टाकी परवाचीच उरलेली होती. ह्यांची तेवढी काल सकाळी तुमच्याकडून भरून नेली."

मास्तरांनी टाकीची चावी पूर्ण उघडली. हवा फुसफुसत बाहेर पडू लागली. संपेपर्यंत दोघं ऐकत उभी राहिली.

"रिकामी करूनच आतून बघावी लागते," ते म्हणाले. मग आत बॅटरी मारून त्यांनी नीट पाहिलं. "सामान ठणठणीत आहे. पोलिसांना तसंच कळवतो."

"मग मी लगेच वर आणलं असतं तर?"

"खोटं कशाला बोलू, वहिनी? वाचले असते."

ती मटकन खाली बसली. मास्तरांनी तिला पाणी दिलं, हात धरून दारापर्यंत सोडलं. "जिवाला लावून घेऊ नका," असंही म्हणाले.

ती दिसेनाशी झाल्यावर ते घाईघाईने मागच्या अंगणात गेले. काल सकाळी वीज गेली म्हणून लावलेला जनरेटर तिथेच होता, आणि टाक्यांसाठी हवा ओढणारी नळी नेमकी त्याच्या धुराड्यापाशी. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नळी काढून पलीकडच्या भिंतीला लावली.