मस्कतहून आणलेलं कुत्रं

संघपालनं मस्कतमध्ये विकत घेतलेलं कुत्रं सोलापूरला घरी आणलं, तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली.

"विमानतळावर माणसाला अडवत्यात, ह्याला कसं सोडलं रं?" शेजारच्या धोंडिराममामांनी विचारलं.

"कायमचं परत येणाऱ्यालाच कुत्रं आणता येतं, मामा. तसा नियमच हाय."

आत भाकरी थापणाऱ्या त्याच्या आईचे, केसरबाईचे, हात थांबले. पिठाच्या हातानंच तिनं अक्कलकोटच्या बहिणीला फोन लावला.

"अगं, माझा संघपाल कायमचा आला की! आता मी एकटी न्हाय."

तिचं बोलणं संपेपर्यंत संघपाल दारात खाली मान घालून उभा राहिला.



"आई, विमानतळावर कुत्र्याला सोडावं म्हणून तसं सांगितलं गं. तुला सोबत व्हावी म्हणून आणलंय त्याला. मी परवा निघतोय."