मामांचं पेन

जुन्या पेनांच्या चढत्या किमती म्हणजे निव्वळ फुगा, असं मी भाषणात तासभर ठणकावून सांगितलं. टाळ्याही पडल्या. पहिल्या रांगेत मामा शेजारच्याला सांगत होते, "भाच्याने वेळीच सावध केलं, म्हणून माझं पेन विकून सुटलो बघा!" दलालाला मध्ये घालून ते मीच घेतलं होतं आणि त्याचा भाव आता तिप्पट झाला होता. भाषण संपल्यावर मामांनी माझं पुस्तक पुढे केलं. "साहेब, गरीब म्हाताऱ्यालाही एक सही द्या की!" मी हसत, सवयीने खिशातलं पेन काढलं आणि झोकात सही ठोकली. मामा सहीकडे बघतच नव्हते. टोपणावरच्या दातांच्या खुणा त्यांच्याच होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी टोपण लावून पेन माझ्या खिशाला अडकवलं. "अर्धा फेरा जास्त फिरवत जा रे," ते म्हणाले, "नाहीतर शाई गळते."